मुंबई ते जेद्दा : प्रवास पाच तासांचा की पंचवीस तासांचा?

उमऱ्याहून कोणी परतलं की आमच्याकडे, चिपळूणच्या बाजूला, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. खजूर आणि जमजम वाटलं जातं, गळाभेटी होतात आणि तिसरा-चौथा प्रश्न हमखास येतो, "विमानाला किती वेळ लागला?" उत्तरही ठरलेलं असतं, "पाच तास." ऐकणारा हसून म्हणतो, "बस्स? आमची एसटी मुंबईला पोचायला यापेक्षा जास्त वेळ घेते!"

चार वर्षांपूर्वी आम्हीही याच पाच तासांवर विसंबून अम्मीला उमऱ्याला घेऊन निघालो. अम्मीचं वय तेव्हा सदुसष्ट. मधुमेह जुना, दोन वेळचं इन्शुलिन, गुडघे दुखरे. ती घाबरू नये म्हणून आम्ही तिला महिनाभर एकच वाक्य ऐकवत होतो, "अगं अम्मी, पाच तासांचा तर प्रवास आहे." हे वाक्य खोटं नव्हतं. पण अर्धवट होतं, आणि त्या अर्धवटपणाची किंमत अम्मीला विमानतळावर मोजावी लागली. तो प्रसंग पुढे येईलच. आधी हे पाच तास येतात कुठून, ते पाहू.

नकाशावरचं अंतर

आम्ही शाळेत भूगोल शिकवतो. सातवीच्या वर्गात एकदा पृथ्वीगोल मधोमध ठेवला आणि मुलांच्या हातात दोरा दिला. मुंबईवर एक टोक धरा, जेद्दावर दुसरं, दोरा ताणा आणि फूटपट्टीनं मोजा. तीस सेंटिमीटर व्यासाच्या त्या गोलावर दोरा भरला जेमतेम सव्वाआठ सेंटिमीटर. अशा गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार केला की उत्तर येतं ३,५०० किलोमीटर. मुंबई आणि जेद्दा या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर खरोखरच तेवढं आहे.

मग एका मुलीनं विचारलं, "आणि चिपळूण ते मुंबई?" दोरा धरला, तर अर्धा सेंटिमीटरही भरेना. वर्गात हशा पिकला. कारण तो अर्ध्या सेंटिमीटरचा प्रवास प्रत्येक मुलानं केला होता. पनवेल येईपर्यंत हाडं कशी खिळखिळी होतात, हे त्यांना ठाऊक होतं. सरळ रेषेत १८५ किलोमीटर, रस्त्यानं २५० च्या आसपास आणि वेळ सहा तास. कधी आठ.

अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी मुलांना कळलं. आम्हा मोठ्यांना मात्र ते प्रवासाची तयारी करताना आठवत नाही.

विमान मुंबईहून उडालं की पहिले दोनेक तास खाली फक्त अरबी समुद्र असतो. मग ओमानचा किनारा येतो. त्यानंतर रुब-अल-खाली, म्हणजे 'रिकामा प्रदेश' अशा नावाचं ते अफाट वाळवंट. खिडकीतून पाहिलं तर तासभर वाळूच्या लाटांखेरीज काही दिसत नाही. शेवटी ताइफच्या बाजूचे डोंगर लागतात आणि ते उतरले की लाल समुद्राच्या काठावर जेद्दा.

तिकिटावरच्या वेळा कशा वाचायच्या

आमच्या तिकिटावर लिहिलं होतं : मुंबईहून प्रस्थान सकाळी १०.१५, जेद्दाला आगमन दुपारी १.१०. शेजारच्या चाचींनी वजाबाकी केली आणि म्हणाल्या, "तीनच तास?" अनेकांची इथे गल्लत होते. तिकिटावर प्रत्येक शहराची वेळ त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. सौदी अरबस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. जेद्दात दुपारचा १.१० झाला, तेव्हा मुंबईत ३.४० झालेले असतात. म्हणजे खरा प्रवास पाच तास पंचवीस मिनिटांचा. परतताना उलटी गंमत होते. जेद्दाहून दुपारी दोनला निघालेलं विमान मुंबईत रात्री सव्वानऊच्या सुमारास उतरतं. कागदावर सव्वासात तास दिसतात. त्यातून अडीच वजा केले की उरतात पावणेपाच.

म्हणजे जाताना सव्वापाच-साडेपाच तास आणि येताना पावणेपाच-पाच. अंतर तेच, मग फरक का? कारण वारा. विमानं दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातात. त्या उंचीवर, विशेषतः थंडीच्या महिन्यांत, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जाताना तो समोरून येतो आणि येताना पाठीवर असतो. नदीत प्रवाहाविरुद्ध होडी वल्हवणं आणि प्रवाहाबरोबर सोडणं, यात जो फरक तोच इथे.

आणखी एक गोष्ट. तिकिटावरचा वेळ म्हणजे केवळ आकाशातला वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हललं तेव्हापासून जेद्दात जागेवर उभं राहिलं तोपर्यंतचा तो वेळ असतो. धावपट्टीकडे रांगेत सरकणं, उतरल्यावर लांबवर चालत जाणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. मात्र त्याच्या आधीचं आणि नंतरचं काहीही त्यात धरलेलं नसतं. आमची चूक नेमकी तिथे झाली.

आमचे पंचवीस तास

रात्री दहाला घरून निघालो. पहाटे चारला विमानतळ, असा हिशोब होता. माणगावच्या पुढे वाहनांची रांग लागलेली. तिथे दोन तास गेले. विमानतळावर पोचलो तेव्हा सकाळचे सव्वासहा वाजले होते. फजरची नमाज वाटेतच एका पेट्रोल पंपाच्या बाजूला पढून घेतली होती. गडबडीत जेवणाचा डबा गाडीतच राहिला आणि गाडी परत गेली.

सात वाजता मोठ्या बॅगा काउंटरवर द्यायच्या होत्या. अम्मीनं त्याआधी इन्शुलिन टोचून घेतलं आणि पेन परत मोठ्या बॅगेत ठेवलं. सगळी औषधं त्याच बॅगेत होती. आमचा विचार असा : सव्वादहाला विमान सुटेल, अकरापर्यंत जेवण येईल, रात्रीचं इन्शुलिन मक्केच्या खोलीत. पाच तासांचाच तर प्रश्न आहे. तोवर अम्मीनं चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली. "धाकधूक होते रे, घास उतरत नाही," म्हणाली. आम्हीही आग्रह केला नाही.

दहा वाजता घोषणा झाली, विमानाला दोन तास उशीर. पावणेअकराच्या सुमारास अम्मी तसबीह फिरवता फिरवता थांबली. हात थरथरत होते, कपाळावर घाम, आणि आम्ही काय विचारतोय ते तिला नीट समजत नव्हतं. इन्शुलिन घेतलेलं आणि पोटात काही नाही. साखर झपाट्यानं खाली आली होती. आमच्याजवळ ना खडीसाखर, ना ग्लुकोज. डबा गाडीत, औषधं विमानाच्या पोटात. शेजारच्या खुर्चीवर मालेगावच्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांनी एका नजरेत ओळखलं. पिशवीतून साखरेची पुडी काढली, पाण्यात ढवळली आणि "आपा, आधी हे प्या, मग बोला," म्हणत अम्मीच्या ओठांना लावली. मागोमाग खजूर दिले. दहा-पंधरा मिनिटांनी अम्मीच्या डोळ्यांत ओळख परतली. त्या बाईही मधुमेही होत्या आणि हा त्यांचा तिसरा उमरा होता. आमच्याकडे पाहून एवढंच म्हणाल्या, "बेटा, सफर तिकिटावर नाही मोजायचा."

पुढचा हिशोब असा. विमान सव्वाबाराला सुटलं आणि आपल्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी पाच चाळीसला जेद्दात उतरलं. पासपोर्टची रांग आणि सामान, दोन तास. बसमध्ये सगळे जण जमेपर्यंत पन्नास मिनिटं. जेद्दा ते मक्का अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, पण गर्दीमुळे दोन तास. हॉटेलात खोलीची किल्ली मिळेपर्यंत पाऊण तास. खोलीचं दार उघडलं तेव्हा चिपळुणात रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते.

घराच्या उंबऱ्यापासून खोलीच्या दारापर्यंत पंचवीस तास पंधरा मिनिटं. त्यात विमानाचे पाच तास पंचवीस मिनिटं, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. आम्ही तयारी केली होती ती या पाचव्या हिश्शाची.

रात्री फोनवर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सामानाच्या कप्प्यात गेलेलं इन्शुलिन वापरू नका. तिथल्या थंडीत ते गोठलं असेल तर निकामी होतं आणि बाहेरून कळतही नाही. डॉक्टरांची चिठ्ठी सुदैवानं पाकिटात होती. ती दाखवून मक्केतल्या औषधाच्या दुकानातून नवं आणलं. गटातले बाकीचे लोक त्याच रात्री उमऱ्याला गेले. अम्मीला आम्ही झोपवलं. इहरामची बंधनं पाळून आधी विश्रांती घ्यायला काहीच हरकत नसते. दुसऱ्या दिवशी फजरनंतर तिनं शांतपणे उमरा केला, आणि काबा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती पूर्ण शुद्धीत, पूर्ण भानात होती. आदल्या रात्री ओढत नेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

नाना जहाजानं गेले तेव्हा

मक्केत एका दुपारी अम्मीनं तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या नानांची गोष्ट सांगितली. १९६४ साली ते हजला गेले, जहाजानं. अम्मी तेव्हा दहा वर्षांची. गावातून निघताना सगळ्यांकडे कहासुना माफ करून घेतलं, कर्ज फेडलं, जमिनीचे कागद मामूंच्या हाती दिले. मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम. मग गोदीत जहाज. "आम्ही काठावर उभे होतो. जहाज दिसेनासं झालं तरी अम्मा हात हलवतच होती," अम्मी म्हणाली.

जहाजाचा रस्ता विमानापेक्षा लांब. विमान अरबस्तानावरून सरळ जातं. जहाजाला मात्र अख्ख्या द्वीपकल्पाला दक्षिणेकडून वळसा घालून, एडनवरून, बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून लाल समुद्रात शिरावं लागतं. हे अंतर सुमारे २,३५० सागरी मैल, म्हणजे ४,३५० किलोमीटर. ताशी दहा-बारा सागरी मैलांच्या वेगानं जाणाऱ्या जहाजाला आठ ते दहा दिवस लागत, आणि वाटेत थांबे असले तर आणखी जास्त. त्याआधीच्या काळात तर लाल समुद्रातल्या कामरान बेटावर सक्तीचा मुक्काम असे. पटकी आणि प्लेग मक्केपर्यंत पोचू नये म्हणून उस्मानी सरकारनं १८८२ मध्ये तिथे तपासणी केंद्र उभारलं होतं. यात्रेकरूंना तिथे उतरवून त्यांच्या कपड्यांची वाफेनं सफाई केली जाई.

शिडाच्या जहाजांच्या काळात तर प्रवासाचं वेळापत्रक वाऱ्याच्या हातात होतं. तेव्हा बंदर सुरतेचं. सुरतेला लोक मक्केचा दरवाजा म्हणत. मोसमी वारा चुकला की पुढच्या मोसमाची वाट पाहायची. बादशाह बाबरची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये घरातल्या स्त्रियांसह फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. समुद्रावर पोर्तुगीजांचा दरारा होता. त्यांचा परवाना मिळेपर्यंत सुरतेतच बराच काळ गेला. मक्केत ती काही वर्षं राहिली, चार हज केले. परततानाही एडनजवळ जहाज अडचणीत सापडून अनेक महिने मोडले. ती घरी पोचली १५८२ मध्ये. जाऊन-येऊन सात वर्षं! हुमायूनच्या काळाचा इतिहास लिहिणारी ही तीच गुलबदन.

मुंबई–जेद्दा यात्रेकरूंची जहाजं १९९५ पर्यंत चालू होती. नंतर सगळी वाहतूक विमानानं होऊ लागली. जेद्दा विमानतळावर तर हजच्या यात्रेकरूंसाठी स्वतंत्र टर्मिनल १९८१ मध्येच सुरू झालं होतं. पांढऱ्या तंबूंची ओळ असावी तसं त्याचं छत दिसतं. उन्हाचा ताप अडवून खालची हवा मोकळी खेळती ठेवणारी ती रचना ज्या अभियंत्यांच्या हातून घडली, त्यांत ढाक्यात जन्मलेले फजलुर रहमान खान होते.

नानांचे दिवस चांगले होते, असं आम्हाला म्हणायचं नाही. जहाजावर लोक आजारी पडत, काही वाटेतच अल्लाहला प्यारे होत. आजचं विमान ही मोठी नेमत आहे. पण अम्मीचं एक म्हणणं मनात राहिलं, "बाबांना जहाजावर आठ दिवस मिळाले. हजचे अरकान शिकले, ओळखी झाल्या, शरीराला सवय झाली. आम्ही मात्र काल संध्याकाळी भांडी घासत होतो आणि आज इथे." जहाज जी तयारी वाटेत करून घेत असे, ती आता आपल्याला घरीच करावी लागते.

वेग, मीकात आणि सूर्य

या वेगाचा परिणाम इबादतीवरही होतो. मुंबईहून थेट मक्केला उमऱ्यासाठी जाणाऱ्यानं मीकात ओलांडण्यापूर्वी इहरामची नियत करायची असते. जहाजाच्या काळी यलमलमची सरळ रेषा जवळ आली की भोंगा वाजे. लोक सावकाश गुस्ल करत, इहराम बांधत, तलबिया सुरू होई. आता विमान ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं, म्हणजे मिनिटाला चौदा किलोमीटर. पाच मिनिटांची डुलकी लागली की सत्तर किलोमीटर मागे पडले! जेद्दाला उतरण्यापूर्वी साधारण अर्धा-पाऊण तास मीकातची घोषणा होते. त्याच वेळी स्वच्छतागृहापुढे रांग लागते आणि चादर बदलणाऱ्यांची तारांबळ उडते. नियत न करता मीकात ओलांडली तर परत मीकातवर जावं लागतं, नाहीतर दम म्हणून कुर्बानी द्यावी लागते. म्हणून पुरुषांनी इहरामच्या चादरी घरी किंवा मुंबई विमानतळावरच बांधाव्यात आणि नियत विमानात जागेपणी, घोषणेच्या थोडं आधीच करावी. आधी मदिनेला जाणाऱ्यांना विमानात इहरामची गरज नाही. त्यांची मीकात मदिनेहून मक्केला निघताना लागणारी जुल-हुलैफा.

नमाजेचंही तसंच. प्रवासात चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन करण्याची सवलत आहे. आपल्या कोकणात बहुतेक घरं शाफई, तिथे जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याचीही मुभा आहे. हनफी मसलकात प्रत्येक नमाज तिच्या वेळेतच पढायची. पंचवीस तासांत पाचही नमाजा येतात. कोणती कुठे पढायची, हे निघण्यापूर्वी आपल्या मशिदीतल्या इमामसाहेबांशी बोलून कागदावर लिहून घ्यावं.

आणि रमजानमध्ये जाणाऱ्यांसाठी एक हिशोब. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. मुंबई आणि जेद्दा यांच्या रेखांशात सुमारे पावणेचौतीस अंशांचा फरक आहे. म्हणजे सूर्य मुंबईत मावळल्यावर जेद्दात मावळायला सुमारे सव्वादोन तास लागतात. समजा, मार्चच्या मध्यात रोजा ठेवून तुम्ही मुंबईहून दुपारी तीनला निघालात. मुंबईत पावणेसातच्या सुमारास इफ्तार होईल. तुम्ही मात्र सूर्याच्या मागे-मागे पश्चिमेला चालला आहात. तो खिडकीत दिसतच राहील. जेद्दाला उतराल तेव्हाही ऊन असेल आणि रोजा सुटेल तेव्हा आपल्या घड्याळात नऊ वाजून गेलेले असतील. मुंबईचं वेळापत्रक पाहून विमानात रोजा सोडता येत नाही. जिथे आपण आहोत तिथला सूर्य मावळायला हवा. निरोगी माणसाला हे दोन तास जड नाहीत. वृद्ध आणि आजारी माणसाला फार जड आहेत. प्रवासात रोजा पुढे ढकलून नंतर कजा करण्याची सवलत अशा लोकांसाठीच तर आहे. ती घेण्यात कमीपणा मानू नये.

घरातल्या मोठ्यांना नेताना

मागच्या वर्षी खालाला, अम्मीच्या धाकट्या बहिणीला, घेऊन गेलो. या वेळी हिशोब पंचवीस तासांचा धरला. काय केलं ते थोडक्यात सांगतो. कोणाच्या उपयोगी पडलं तर बरं.

एक. कोकणातून किंवा घाटावरून निघणाऱ्यांनी शक्य असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. नातेवाइकाकडे एक रात्र पाठ टेकली की पुढचा अर्धा शीण वाचतो.

दोन. सगळी औषधं हातातल्या पिशवीत. इन्शुलिन तर कधीही मोठ्या बॅगेत ठेवू नये. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी, म्हणजे सुरक्षा तपासणीत अडचण येत नाही. तिच्यावर औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं. आपल्या दुकानातलं नाव परदेशात चालेलच असं नाही.

तीन. घड्याळ अडीच तास मागे जातं, तेव्हा औषधाची वेळ कशी बदलायची, हे डॉक्टरांनाच विचारावं. आपल्या अंदाजानं बदलू नये. विमानातल्या जेवणाच्या भरवशावर इन्शुलिन घेऊ नये, ताट समोर आल्यावरच घ्यावं. खिशात साखरेची पुडी आणि खजूर कायम.

चार. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवावी. "मी काय अपंग आहे का?" असं खाला म्हणालीच. आम्ही सांगितलं, "चालायची ताकद तवाफासाठी ठेव." ते तिला पटलं.

पाच. विमानातली हवा कोरडी असते. स्वच्छतागृहात जावं लागेल म्हणून बायका पाणी प्यायच्या टाळतात. तसं करू नये. तासा-दीड तासानं उठून चार पावलं चालावं, नाहीतर पायांना सूज येते.

सहा. आखाती देशात विमान बदलून जाणारं तिकीट स्वस्त पडतं. तरुणांना ते ठीक. पण त्यात विमानांचाच वेळ नऊ-दहा तासांवर जातो आणि मधल्या विमानतळावर लांब चालावं लागतं. वृद्धांसाठी पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत.

सात. पोचल्याबरोबर उमरा करायचाच, असा हट्ट गटातल्या कोणी धरला तरी आपल्या माणसाची तब्येत पाहावी. अल्लाहचं घर सकाळीही तिथेच आहे.

खाला या वेळी घरून निघाल्यापासून खोलीत पोचेपर्यंत आम्हाला मुंबईच्या मुक्कामासह छत्तीस तास लागले. अम्मीच्या वेळेपेक्षा अकरा तास जास्त. तरी खाला पोचली ती हसत पोचली, आणि गरम रोटी मागितली.

घरी परतल्यावर भेटायला आलेल्यांपैकी कोणीतरी खालाला तोच प्रश्न विचारला, "विमानाला किती वेळ लागला?" खाला सांगू लागणार इतक्यात कोपऱ्यातून अम्मी म्हणाली, "विमानाचे पाच तास. पण तुम्ही निघाल तेव्हा दीड दिवसाचं सामान हाताशी ठेवा, आणि साखरेची पुडी विसरू नका." त्या मालेगावच्या बाईंचं नाव विचारायचं त्या दिवशी राहून गेलं. अम्मी मात्र प्रत्येक नमाजेनंतर त्यांच्यासाठी दुआ करते.

ज्यांच्या घरात यंदा सफरची तयारी चालू आहे, त्या सर्वांना अल्लाह सुखरूप नेवो आणि सुखरूप घरी आणो. आमीन.